नोट कितीची आणि गल्ला कितीचा : विद्युतचुंबकीय तरंगांच्या ऊर्जेविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न (बारावीची विद्यार्थिनी, दादर) : तरंगांच्या धड्यात ऊर्जा आयामाच्या, म्हणजे तरंगाच्या कमाल उंचीच्या, वर्गावर अवलंबून असते असं शिकलो. फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशाच्या ऊर्जेच्या एकेका पुडक्याच्या, धड्यात ती वारंवारतेवर अवलंबून असते असं आलं. मग खरं काय?

उत्तर : दोन्ही खरं, कारण ही दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. दिवसअखेर गल्ल्यात रक्कम किती, हा एक प्रश्न. त्यातली एकेक नोट कितीची, हा दुसरा. तीव्रता, म्हणजे एका चौरस मीटरवर दर सेकंदाला पडणारी ऊर्जा, ही गल्ल्यातली रक्कम. ती विद्युतक्षेत्राच्या आयामाच्या वर्गाप्रमाणे बदलते. प्लँकचा स्थिरांक गुणिले वारंवारता, ही एका फोटॉनची ऊर्जा, म्हणजे नोट. तीव्रता म्हणजे दर सेकंदाला दर चौरस मीटरवर येणारे फोटॉन गुणिले एका फोटॉनची ऊर्जा, हे एवढं लक्षात ठेवलं की दोन्ही धडे जुळतात.

आकडे घालून बघा. १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागलं की फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन व्होल्ट या छोट्या एककात मिळते. ६५० नॅनोमीटरच्या लाल लेझरसाठी ती १.९ येते. हा लेझर १ मिलिवॅटचा असेल तर त्यातून सेकंदाला सुमारे ३३ कोटी कोटी फोटॉन निघतात. तरी सोडियमच्या पृष्ठभागातून तो इलेक्ट्रॉन सोडवत नाही, कारण तिथे एका फोटॉनकडे सुमारे २.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट असावे लागतात आणि दोन फोटॉन मिळून वर्गणी काढत नाहीत. ४५० नॅनोमीटरचा मिणमिणता निळा दिवा मात्र ते काम करतो. त्याचा फोटॉन २.७६ चा असतो. त्याच निळ्या दिव्याचा आयाम दुप्पट केला तर तीव्रता चौपट, फोटॉन चौपट आणि सुटलेल्या इलेक्ट्रॉनांचा प्रवाहही चौपट होतो. स्टॉपिंग पोटेन्शिअल, म्हणजे सुटलेले इलेक्ट्रॉन थोपवायला लागणारं व्होल्टेज, तेवढंच राहतं.

आणखी एक गफलत फार जण करतात. दोरीवरच्या तरंगाची ऊर्जा आयामाच्या आणि वारंवारतेच्याही वर्गाप्रमाणे वाढते. ते सूत्र इथे आणू नका. तिथे आयाम म्हणजे दोरीचं विस्थापन, इथे आयाम म्हणजे विद्युतक्षेत्र. आयाम तोच ठेवून प्रकाशाची वारंवारता दुप्पट केली तर तीव्रता बदलत नाही. फोटॉन निम्मे होतात, एवढंच.

प्रश्न (सीईटीची तयारी करणारा, बोरिवली) : तीव्रतेवरून विद्युतक्षेत्राचा आयाम काढताना माझं उत्तर दरवेळी २ च्या वर्गमुळाने चुकतं.

उत्तर : तुम्ही सरासरी आणि कमाल यांची सरमिसळ करताय. सरासरी ऊर्जाघनता म्हणजे अर्धा गुणिले एप्सिलॉन शून्य (निर्वाताचा विद्युत स्थिरांक) गुणिले आयामाचा वर्ग, आणि त्यात विद्युत व चुंबकीय दोन्ही वाटे आलेले असतात. त्याला प्रकाशाच्या वेगाने गुणलं की तीव्रता. झटपट करायचं तर तीव्रतेला ७५४ ने गुणून वर्गमूळ घ्या. भर दुपारच्या उन्हासाठी १००० वॅट प्रति चौरस मीटर धरले तर आयाम सुमारे ८६८ व्होल्ट प्रति मीटर येतो. तुमचं उत्तर ६१४ येत असेल तर ती आरएमएस किंमत आहे, म्हणजे वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ, कमाल किंमत नव्हे.

प्रश्न (शिक्षिका, परळ) : जस्ताचा पत्रा ठेवलेल्या विद्युतदर्शीवर (प्रभार असेपर्यंत ज्याची पानं फाकलेली राहतात ते उपकरण) यूव्ही, म्हणजे अतिनील, टॉर्च मारला, पण पानं मिटली नाहीत. काय चुकलं?

उत्तर : बहुधा टॉर्चच. बाजारातले यूव्ही टॉर्च ३९५ किंवा ३६५ नॅनोमीटरचे असतात, म्हणजे फोटॉन ३.१ ते ३.४ इलेक्ट्रॉन व्होल्टचा. जस्तातून इलेक्ट्रॉन सोडवायला सुमारे ४.३ लागतात, म्हणजे २८८ नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबी. वॉटर प्युरिफायरमधल्यासारखा २५४ नॅनोमीटरचा दिवा चालतो. पण तो डोळ्यांना आणि त्वचेला इजा करतो. म्हणून दिवा पेटीत बंद ठेवा, भोक फक्त पत्र्याच्या दिशेला असू द्या आणि मुलांना मागे उभं करा.

पत्रा प्रयोगाच्या आधी लगेच पॉलिश पेपरने घासा, ऑक्साइडचा थर राहिला तर काम होत नाही. प्रभार ऋणच हवा : लोकरीने घासलेला पीव्हीसी पाइप पत्र्याला टेकवून फिरवा. पाइप न टेकवता नुसता जवळ धरून, म्हणजे प्रवर्तनाने, प्रभारित केलंत तर धनप्रभार येईल आणि दिवा लावूनही काही होणार नाही. मुंबईच्या जुलैमधल्या हवेत तर दिव्याशिवायही प्रभार झिरपून जातो. आधी दिवा बंद ठेवून एक मिनिट थांबा. पानं आपोआप मिटत असतील तर विसंवाहक भाग हेअर ड्रायरने कोरडा करा. शक्य असेल तर हा प्रयोग डिसेंबर-जानेवारीत ठेवा. शेवटी दिवा आणि पत्रा यांच्यामध्ये खिडकीची साधी काच धरा : पानं मिटायची थांबतात, कारण काच २५४ नॅनोमीटरचा प्रकाश अडवते. हे मुलांना जरूर दाखवा. तीव्रता आणि फोटॉनची ऊर्जा यांतला फरक त्यांना डोळ्यांनी दिसतो.

प्रश्न (नववीतल्या मुलाचे वडील, मुलुंड) : मायक्रोवेव्हमधली तरंगलांबी घरी मोजता येते का?

उत्तर : येते, उडदाच्या पापडाने. फिरती काच आणि तिच्याखालची चाकांची कडी काढून ठेवा. सपाट ताटलीवर कच्चे पापड पसरा, एका कोपऱ्यात अर्धा कप पाणी ठेवा, म्हणजे ओव्हन रिकामा चालल्यासारखा होणार नाही. १५-२० सेकंदांनी थांबवा. जिथे फोड आलेत त्या जागांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर मोजा. शेजारच्या दोन जागांमध्ये साधारण ६ सेंटीमीटर भरतं. ते अर्धी तरंगलांबी. दुप्पट करून ओव्हनच्या वारंवारतेने, म्हणजे २.४५ गिगाहर्ट्झने, गुणा, प्रकाशाचा वेग मिळतो. ओव्हनमधला आकृतिबंध त्रिमितीय असल्यामुळे ठिपके एका रेषेत येत नाहीत, म्हणून चार-पाच जोड्यांची सरासरी घ्या. सपाट तळाच्या, फिरती काच नसलेल्या ओव्हनमध्ये आतल्या आत तरंग ढवळणारं पातं असतं. तिथे ठिपकेच उमटत नाहीत.

प्रश्न (रहिवासी, चेंबूर) : समोरच्या इमारतीच्या गच्चीवर मोबाइल टॉवर आहे, खिडकीपासून ४० मीटरवर. किती ऊर्जा येते?

उत्तर : एका अँटेनाला २० वॅट मिळतात आणि ती समोरच्या दिशेला ते ५० पट एकवटते असं धरू, म्हणजे त्या दिशेला १००० वॅटचा परिणाम. ४० मीटरवर १००० भागिले (४ पाय गुणिले १६००, म्हणजे ४० मीटर त्रिज्येच्या गोलाचं क्षेत्रफळ) म्हणजे ०.०५ वॅट प्रति चौरस मीटर. भारतात ९०० मेगाहर्ट्झला मर्यादा ०.४५ आहे, १८०० ला ०.९. अंतर १० मीटर झालं तर तोच आकडा १६ पट होऊन ०.८ वर जातो, म्हणून अंतराला महत्त्व आहे. अँटेना तुमच्याच उंचीवर आणि तोंड तुमच्याकडे असेल तरच हा हिशेब लागू. थेट खालच्या मजल्यांवर बरंच कमी पोचतं. अँटेना अनेक असतील तर प्रत्येकीचा आकडा तिच्या मर्यादेने भागा आणि भागाकारांची बेरीज १ च्या आत आहे का ते पाहा.

९०० मेगाहर्ट्झच्या फोटॉनची ऊर्जा रासायनिक बंध तोडायला लागणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे दहा लाखाव्या हिश्श्याएवढी असते. शोषलेली ऊर्जा उष्णता होते, म्हणूनच मर्यादा वॅटमध्ये असते. दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर तुमच्या भागातल्या टॉवरची माहिती मिळते आणि प्रत्यक्ष मोजणीची मागणीही करता येते.