अर्धी निवृत्ती आणि पुरी मतं

"ताई, नमस्कार. वय ६३. टॉवेल कारखान्यात हिशेब लिहिण्यात आयुष्य गेलं. दिवाळीपासून मालकांनी आठवड्यातून तीनच दिवस बोलावलंय, बाकी दिवस घरी. नातवाच्या नादानं फुटबॉल बघायला लागलो, आता रात्री दीडला सुरू होणारी मॅचसुद्धा सोडत नाही. राजकारणावर बोलल्याशिवाय चैन पडत नाही, आणि घरात दिसेल त्यावर बोलतो: गॅस मोठा का, डाळ एवढी का. बायको म्हणते, घरात न्यूज चॅनेल लावून ठेवलंय. मुलगा हल्ली माझ्या आधीच जेवून घेतो. संभाजी तलावावर एक जुना मित्र रोज सकाळी फिरायला सोबत असायचा. निवडणुकीवरून वाद झाला, बोलता बोलता मी म्हणालो, 'तुझ्या पोराला नोकरी कुणाच्या चिठ्ठीनं लागली ते सांगू का सगळ्यांना?' गेल्या महिन्याच्या २४ तारखेपासून तो येत नाही. पाण्यावरून मी रोज ओरडतो, कुणी ऐकत नाही. माझी मतं चुकीची नाहीत. मग गप्प बसायचं का? ता. क. ऑफसाइडचा नियम (चेंडू मिळायच्या आधीच समोरच्यांच्या मागे गोलपाशी जाऊन उभं राहायचं नाही, हा) काढूनच टाकावा असं माझं मत आहे. नातू हसतो. – मतदार, विजापूर रोड, सोलापूर"

काका, नमस्कार.

गप्प बसू नका. गप्प बसायचं ठरवलेला माणूस दोन दिवसांत तोंड पाडून बसतो आणि बोलणाऱ्यापेक्षा घरच्यांना त्याचाच जास्त ताप होतो. तुमची मतं बरीचशी बरोबर असतीलही. पण कारखान्यात तुमच्या मतापाठोपाठ काहीतरी व्हायचं: बिल थांबायचं, पार्टीला फोन जायचा, खतावणी दुरुस्त व्हायची. आता मत निघतं आणि त्याच्यामागून काहीच निघत नाही, म्हणून ते पुन्हा पुन्हा निघतं.

आधी तारखेकडे बघू, कारण तुम्ही ती सहज लिहून गेलात. भांडण २४ ला झालं. जीएसटी बघणाऱ्याचा महिना कसा जातो हे तुम्हाला मी सांगायला नको: ७ ला टीडीएस म्हणजे कापून ठेवलेला कर भरणं, ११ ला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं विवरण, १४ ला टू-बी (माल विकणाऱ्यांनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांचा तक्ता) दिसलं की खरेदीची बिलं जुळवणं, २० ला थ्री-बी म्हणजे महिन्याचं विवरण आणि कर. एकवीसपासून तुमच्या टेबलावर किरकोळ पावत्याच उरतात. मालकांनी तुमचे दिवस आठवड्याच्या हिशेबानं पाडले, काम मात्र महिन्याच्या हिशेबानं येतं. म्हणजे दहा तारखेला तुम्ही घरी बसून डाळ मोजता आणि सव्वीसला कारखान्यात बसून पेपर वाचता.

मालकांशी बोला. ५ ते २० रोज येतो, साप्ताहिक सुट्टी सोडून, आणि पुढचे दिवस येत नाही, असं सांगा. महिन्याचे तेरा-चौदा दिवस भरतात, आत्ताही तेवढेच भरताहेत, पगाराचा प्रश्नच येत नाही. त्यांचा फायदाही सांगा. सूतवाल्या पार्टीनं बिल चढवलेलं नाही हे टू-बी बघून १४ ला कळलं तर त्या महिन्याचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, लटकतं. ८-९ तारखेलाच पार्टीच्या मागे लागावं लागतं, आणि नेमका त्या दिवशी तुमचा खाडा असतो. हे ऐकल्यावर मालक नाही म्हणतील असं वाटत नाही. तुम्हाला सलग चौदा-पंधरा दिवस मोकळे मिळतील. त्यांचं काय करायचं ते पुढे येतंच.

आता मित्र. वाद निवडणुकीवरून झाला असं तुम्ही लिहिलंय. तसं झालेलं नाही. निवडणुकीवरून सोलापुरात भांडत नाही असा माणूस शोधून दाखवा. दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा एकाच टपरीवर चहा पितात. तुम्ही चारचौघांत त्यांच्या मुलाची नोकरी काढलीत. तुमच्या पत्रात ते वाक्य वादाच्या ओघात आल्यासारखं आलंय, पण मित्र तेवढंच वाक्य घेऊन घरी गेले. शिवाय चिठ्ठीचं तुम्हाला कळलं कुठून? बहुधा त्यांनीच कधीतरी विश्वासानं सांगितलं असणार. तसं असेल तर दुखणं दुहेरी आहे.

त्यांच्या घरी जा. व्हॉट्सॲपवर काही पाठवू नका, गुलाबाचं फूल आणि सुविचार तर अजिबातच नको. जेवणाच्या वेळी जाऊ नका, नाहीतर आग्रहात मूळ बोलणं राहून जातं. संध्याकाळी पाच-साडेपाचला, एकटे. बोलायचं एवढंच: "पोराचं मी सगळ्यांसमोर काढलं, ते वाईट केलं." इथे थांबा. "पण तू पण..." एवढे तीन शब्द आले की तुमचं जाणंच फुकट. ते चिडले तर ऐकून घ्या. पाच मिनिटांत उठावं लागलं तरी चालेल. आणि ज्या तीन-चार जणांसमोर बोललात त्यांच्यासमोरही हेच एकदा म्हणा, कारण अपमान चव्हाट्यावर आणि माफी बंद दाराआड हा हिशेब जुळत नाही. ते लगेच तलावावर येतील असं धरू नका. महिना लागेल, कदाचित जास्तच. तोवर त्यांच्या पक्षाबद्दल ग्रुपवर एक अक्षर टाकू नका.

राजकारणातलं तुमचं पाण्याचं दुखणं खरं आहे. उजनी धरणात पाणी असताना नळाला काही दिवसांआड पाणी, हे ऐकून ऐकून शहराचे कान किटले. पण चहाच्या टपरीवरून इंद्रभुवनापर्यंत, म्हणजे महापालिकेपर्यंत, आवाज जात नाही, कागद जातो. तुम्ही जन्मभर कागदच लिहिलेत, मग इथे तोंडी कारभार कशाला?

एक वही घाला. पाणी आलेली तारीख, सुरू झालं ती वेळ, बंद झालं ती वेळ, आणि पंधरा लिटरची बादली मोटार न लावता किती सेकंदांत भरली. बादली दरवेळी तीच, नळ तोच, आणि पाणी आल्यावर दहा मिनिटांनी मोजा. सुरुवातीला पाइपातली हवा निघते, तेव्हाचा आकडा खोटा येतो. गल्लीच्या वरच्या टोकाच्या एका घरात आणि खालच्या टोकाच्या एका घरात हीच वही घालायला सांगा. महिनाभराच्या तीन वह्या शेजारी ठेवल्या की पाणी मुळातच कमी येतंय, की वरच्यांच्या मोटारी ओढून घेताहेत, ते दिसेल. (दुसरं निघालं तर नगरसेवकाला शिव्या घालून उपयोग नाही, गल्लीतच बैठक बोलवावी लागेल. ती जास्त अवघड.)

मग माहितीचा अधिकार. अर्ज जन माहिती अधिकारी, पाणीपुरवठा विभाग यांच्या नावे, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांपर्यंत, हा नियम लक्षात ठेवा. बहुतेक अर्ज पडतात ते "आमच्याकडे पाणी वेळेवर का येत नाही?" असं विचारल्यामुळे. "का"चं उत्तर द्यायला अधिकारी बांधील नाही, त्याच्या दप्तरात जे लिहिलेलं आहे तेच तो देतो. म्हणून कागद मागा: अमुक भागाचं अमुक महिन्याचं पाणीपुरवठ्याचं मंजूर वेळापत्रक, त्याच महिन्यात व्हॉल्व्ह उघडल्या-बंद केल्याच्या नोंदींच्या प्रती, गळती दुरुस्तीच्या नोंदी. पोच घ्या, शिक्का आणि आवक क्रमांक बघून घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला वीस रुपयांचा स्टँप. त्यांची नोंद आणि तुमची वही समोरासमोर ठेवा. फरक निघाला की टपरीवर बोलायला तुमच्याकडे काहीतरी वजनदार असेल, आणि त्या दिवशी खुशाल बोला. अर्ज, अपील, हेलपाटे, सगळं २१ नंतरच्या दिवसांत बसवा.

पक्षांच्या बाबतीत एकच पथ्य: उमेदवाराबद्दल बोलायचं तर त्याचं शपथपत्र वाचून बोला. मालमत्ता, कर्ज, दाखल गुन्हे, सगळं त्यात असतं आणि विधानसभा-लोकसभेच्या उमेदवारांचं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर बघायला मिळतं. ताळेबंद वाचणाऱ्या माणसानं फॉरवर्ड वाचून मत बनवावं, हे काही मला पटत नाही.

रात्रीच्या फुटबॉलचं सोपं आहे. युरोपातली घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे जातात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी परत पुढे येतात. म्हणून हिवाळ्यात चॅम्पियन्स लीगचे (युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेचे) बहुतेक सामने आपल्याकडे दीडला आणि एरवी साडेबाराला. दीडचा सामना संपतो साडेतीनच्या सुमारास. त्यानंतर झोपलेला माणूस सकाळी डाळीवरून भांडणारच. इंग्लंडमधले शनिवारी दुपारी तीनचे सामने मात्र आपल्याकडे हिवाळ्यात रात्री साडेआठला आणि उन्हाळ्यात साडेसातला येतात, त्यातला जो दाखवत असतील तो घरच्यांबरोबर बघा. आठवड्याच्या मधल्या वारचा रात्रीचा सामना दुसऱ्या दिवशी सकाळी लावा, त्याआधी मोबाइल उघडू नका, नाहीतर निकाल कळतो. बाद फेरीत महिन्याला दोन रात्री जागायला माझी हरकत नाही. पण हेडफोन लावून, आणि गोल झाला तर मूठ आवळायची, ओरडायचं नाही.

नुसतं बघण्यापेक्षा मुलांना खेळवा. नातू दहा-अकराचा असेल तर चार नंबरचा चेंडू लागतो, पाच नंबरचा बारा वर्षांच्या पुढे. आपल्याकडची मैदानं मुरमाची. शिवलेला महागडा चेंडू त्यावर महिन्याभरात सोलून निघतो, म्हणून जाड रबरी घ्या. सायकलच्या दुकानात हवा भरली की तो दगड होतो आणि पोरं पाय चोळत बसतात. हातपंपानं भरा, अंगठ्यानं दाबल्यावर किंचित दबला पाहिजे. सुई कोरडी घालू नका, व्हॉल्व्हचं रबर आत फाटतं. खोबरेल नको, ग्लिसरीनचा थेंब पुरे. चार विरुद्ध चार, साधारण २५ बाय १५ मीटर, दहा-दहा मिनिटांचे डाव. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी साडेसहाच्या आत पोरांना मैदानात उतरवू नका. आणि तुमच्या तोंडात शिट्टी ठेवा. तिचा मोठा फायदा म्हणजे ती तोंडात असताना बोलता येत नाही.

नातवाला तुम्ही १९५० च्या वर्ल्डकपची गोष्ट सांगत असाल, अनवाणी खेळायची परवानगी नाही म्हणून भारत गेला नाही, ही. ती सांगू नका, खरी नाही. तेव्हा आपल्या संघटनेला ऑलिंपिक मोठं वाटत होतं, वर्ल्डकपची किंमतच कळली नव्हती. खरं सांगण्यासारखं पुष्कळ आहे: १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बहुतेक खेळाडू अनवाणी होते आणि फ्रान्सशी आपण जेमतेम २-१ असे हरलो; १९५६ ला मेलबर्नमध्ये चौथे आलो, नेव्हिल डिसूझांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले; १९६२ ला जकार्ताच्या एशियाडमध्ये दक्षिण कोरियाला हरवून सुवर्ण घेतलं.

घराबद्दल थोडं कडक बोलते. तुम्हाला अर्धी निवृत्ती मिळाली, काकूंना पावसुद्धा मिळालेली नाही. दुपारी दोन ते पाच घर त्यांचं होतं, तेव्हा त्या आडव्या पडायच्या, मालिका बघायच्या, फोन करायच्या. त्या वेळात आता तुम्ही हॉलमध्ये बसलेले असता. ते तीन तास हॉल मोकळा सोडा. हिराचंद नेमचंद वाचनालयात पेपर वाचत बसा, नाहीतर आतल्या खोलीत तुमच्या पाण्याच्या वह्या जुळवा. आणि स्वयंपाकघरात मत द्यायचं तर ते काम स्वतः करून.

उदाहरणार्थ शेंगाचटणी, यावर तुमचं मत असणारच. ती कुटायची असते, मिक्सरमध्ये नाही, बरोबर? मग रविवारी कुटा. अर्धा किलो शेंगदाणे मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं हलवत भाजा, पूर्ण गार होऊ द्या, सालं काढा. गरम कुटले तर चटणीचा लगदा होतो. लसणाचे दोन गड्डे, पाकळ्या धुवायच्या नाहीत, ओल आत गेली की चटणी आठवड्यात खवट होते. चार चमचे तिखट, दोन चमचे जिरं, मीठ चवीनं. जिरं, मीठ आणि लसूण आधी कुटा, मग मूठमूठ शेंगदाणे घालत जा, तिखट शेवटी. कडेला तेल सुटायला लागलं की थांबा. अर्धा तास कुटून हात भरून आले की काकू मिक्सर का वापरतात तेही कळेल. डाळीबद्दल यापुढे विचारलं तरच बोला.

मुलाला बोलावू नका, समजावू नका. जेवताना तो आपला दिवस, ऑफिस, रस्ते यांबद्दल काही म्हणाला तर "मग पुढे काय झालं?" एवढं विचारा आणि उत्तर पूर्ण होऊ द्या. शनिवारचा सामना साडेआठला असेल तर पानं आठला घ्यायला सांगा, म्हणजे तो आपोआप तुमच्याबरोबर बसेल.

आणि तुमच्या ता. क. बद्दल: ऑफसाइड काढू नये. काढला तर दोन उंच गडी समोरच्या गोलीपाशी उभे राहतील आणि बाकीचे लांबून चेंडू टोलवत बसतील, मधलं मैदान ओस पडेल. नियम सैल करणं वेगळं, ते झालेलंच आहे: १९२५ च्या आधी आपल्या गड्याच्या पुढे, गोलच्या बाजूला, तीन प्रतिस्पर्धी असावे लागायचे, मग दोन झाले, आणि १९९० पासून शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या रेषेत असलेलाही चालतो. नातू फारच हसायला लागला तर त्याला विचारा, थ्रो-इनवरून चेंडू थेट मिळाला तर ऑफसाइड असतो का? नसतो. गोल किकवरून आणि कॉर्नरवरूनही नसतो. आधी त्याला उत्तर देऊ द्या.