नायजेरियातल्या ओगोनी लोकांचं शेल कंपनीशी भांडण नेमकं कशावरून झालं?
तेल त्यांच्या जमिनीतलं, पैसा सरकारचा आणि शेलचा, ओगोनींच्या वाट्याला गळक्या पाइपलाइन. भांडणाचं मूळ हेच. नायजर नदीच्या मुखाजवळच्या या छोट्या समाजाच्या भागात १९५८ मध्ये तेल सापडलं. १९९० मध्ये त्यांनी हक्कांची सनद काढून स्वायत्तता आणि तेलाच्या उत्पन्नात वाटा मागितला. जानेवारी १९९३ मध्ये सुमारे ३ लाख माणसं रस्त्यावर उतरली, म्हणजे अर्ध्याहून जास्त समाजच! त्याच वर्षी शेलने तिथला उपसा थांबवला. पुढे चार ओगोनी प्रमुखांच्या खुनाचा ठपका ठेवून सानी अबाचाच्या लष्करी राजवटीने या आंदोलनाचे नेते, लेखक केन सारो-विवा आणि त्यांच्या आठ साथीदारांना १० नोव्हेंबर १९९५ रोजी फासावर चढवलं. खटला म्हणजे निव्वळ फार्स होता.

उपसा थांबला तरी पाइपलाइन तिथेच राहिल्या, गळतीही. संयुक्त राष्ट्रांच्या २०११ च्या अहवालानुसार एका ठिकाणी भूजलावर ८ सेंटिमीटर जाडीचा तेलाचा थर तरंगत होता आणि पिण्याच्या पाण्यात बेन्झीन हे कर्करोगकारक रसायन मर्यादेच्या ९०० पटींहून जास्त होतं. लोक तेच पाणी पीत होते.

२०२५ मध्ये सरकारने त्या नऊ जणांना माफी जाहीर केली. गुन्हाच नव्हता तर माफी कसली, हा त्यावरचा आक्षेप मला रास्त वाटतो.