इगर्ज, चर्च की मंडळी?

प्रश्न मडगावच्या एका वाचकाचा आहे : मराठी बायबलमध्ये 'चर्च'ऐवजी सगळीकडे 'मंडळी' का? गोव्यात आम्ही इगर्ज म्हणतो. बातमी लिहिताना कोणता शब्द घ्यायचा?

वास्तू असेल तर इगर्ज किंवा चर्च, माणसे असतील तर मंडळी. उत्तर इथेच संपले असते, पण 'इगर्ज'सुद्धा मुळात माणसांचाच शब्द आहे. पोर्तुगीज 'इग्रेजा', त्यामागे लॅटिन आणि ग्रीक 'एक्लेसिया', म्हणजे बोलावून जमवलेली सभा. अथेन्सच्या नागरिकांच्या सभेचे नावही हेच. इंग्रजी 'चर्च' दुसऱ्या कुळातला, 'प्रभूचे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेला. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या १६व्या अध्यायात प्रेषित पौल अक्विला आणि त्याच्या बायकोच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम सांगतो. तिथे 'चर्च' घातले की घरात इमारत शिरते!

'घरची मंडळी', 'काय मंडळी, जेवलात का?' हा आपला रोजचा शब्द बायबलमध्ये पारिभाषिक झाला, याची खूण अनेकवचनात दिसते. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकात 'सात मंडळ्या' आहेत. एरवी 'मंडळ्या' कोण म्हणतो? जगभरच्या चर्चसाठी कॅथलिक मराठीत 'ख्रिस्तसभा' रूढ आहे, कोंकणी प्रार्थनेत 'इगर्जमाता'.

आता जमण्याला एवढे महत्त्व का, ते. 'दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमतात तिथे मी त्यांच्यामध्ये असतो', हे येशूचे वचन मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे (१८:२०). म्हणून जमणे ही उपासनेची पूर्वतयारी नाही, तोच तिचा भाग. पण नुसते एका छपराखाली येऊन भागत नाही. ग्रीसमधल्या करिंथची मंडळी प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ एकत्र जेवायला जमे आणि ज्याचे त्याने आपापले आधी खाऊन घेई. एक उपाशी राही, दुसरा पिऊन तर्र. 'हे प्रभूचे भोजन नव्हेच,' असे पौलाने सुनावले आणि उपाय अगदी साधा सांगितला : एकमेकांसाठी थांबा (१ करिंथ ११). त्याच पत्राच्या १४व्या अध्यायात तो विचारतो, प्रार्थना कळलीच नाही तर शेजारचा 'आमेन' कसा म्हणणार? मिस्सेतली, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेतली, मुख्य प्रार्थना एकटा पाद्री म्हणतो, पण तिच्या शेवटचे 'आमेन' लोकांचे असते. ते तोंडातल्या तोंडात पुटपुटले जाते, हे खटकते.

क्रियापदही इथे महत्त्वाचे. गोव्यात 'मीस आयकप' म्हणजे मिस्सा ऐकणे हा जुना प्रयोग. पोर्तुगीजमध्येही तसाच आहे. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेवरच्या दस्तऐवजात बजावले की भाविकांनी मुके प्रेक्षक बनून राहू नये. तेव्हा मराठीत लिहिताना 'मिस्सेत सहभागी झाले' हे बरे. 'मिस्सेला उपस्थिती लावली' तर नकोच. ते पाहुण्यांच्या यादीसारखे वाटते.

वाड्यावरच्या खुरसापाशी, म्हणजे क्रूसापाशी, होते ती सामुदायिक प्रार्थना म्हणजे लादिन. शेजारी जमतात, आळीपाळीने गातात, शेवटी उकडलेले चणे वाटतात. तिला पाद्री लागतोच असे नाही, मिस्सेला लागतो. त्यामुळे 'खुरसाकडे मिस्सा झाली' असे लिहिण्याआधी चौकशी करावी, कारण फेस्ताला, म्हणजे सणाला, तिथे मिस्साही होऊ शकते. शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेने रविवारी मिस्सेला जाण्याचे कर्तव्य पुरे होते, म्हणून तिला 'जादा' म्हणू नये.

राहिला बातमीतला 'चर्चने विरोध केला' हा ढोबळ प्रयोग. महाधर्मप्रांताचे, म्हणजे आर्चबिशपच्या कार्यालयाचे, पत्रक असेल तर तसे लिहा, विगाराचे, म्हणजे गावच्या चर्चच्या प्रमुख पाद्रीचे, मत असेल तर विगाराचे. गावातले लोक उभे राहिले असतील तर 'फिर्गजकार', म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतले भाविक, हा नेमका शब्द हाताशी आहे. 'फिर्गज' पोर्तुगीज 'फ्रेगेझिया'वरून आला, आणि त्याच्या मुळाशी लॅटिन 'फिलिउस एक्लेसिए', म्हणजे एक्लेसियेचे लेकरू.