कच्ची रेष, पक्की रेष

प्रश्न : माझ्याच डाव्या हाताचं रेखाचित्र काढलं. पेन्सिलीत बरं दिसत होतं, ०.३ च्या (मिलिमीटरमध्ये रेषेची जाडी) पेनाने शाई चढवल्यावर हात लाकडी वाटू लागला. एकही रेष पेन्सिलीच्या बाहेर गेलेली नाही. मग बिघडलं कुठे?

उत्तर : बाहेर गेली नाही, तिथेच! पेन्सिलीत एका कडेला तीन-चार फिक्या रेघा असतात आणि त्यांतून हवी ती कड बघणारा आपली आपण शोधतो. तुम्ही त्यांतली एक धरून गिरवत गेलात. त्या वेळी नजर हातावर नव्हती, रेघेवर होती.

चित्र भिंगाखाली धरा. रेषेत मधूनमधून बारीक ठिपके दिसतील. तिथे पेन थांबलं आणि कागदाने जास्त शाई ओढली. असा ठिपका बोटाच्या सांध्यावर किंवा नखाच्या कोपऱ्यात असेल तर असू द्या, वळण तिथेच आहे. पेराच्या सपाट कडेवर मधोमध असेल, तर एक तर हात बिचकला किंवा मनगटाची पोच संपली. मनगट टेकवून छोटीच कमान सफाईने निघते. लांब रेष कोपरातून ओढायची आणि अवघड वळणाला हात मुरडण्याऐवजी कागद फिरवायचा.

लाकडीपणाचं मोठं कारण मात्र जाडी. ही ठरावीक जाडीची पेनं दाबली तरी रेष फारशी जाड होत नाही (टोक तेवढं बसतं). त्यामुळे नखाची कड, तळव्याची सावलीतली कड आणि सुरकुती सगळ्या एकाच आवाजात बोलतात. सावलीकडची कड, आणि एक बोट दुसऱ्यावर येतं ती जागा ०.५ ने काढा, उजेडाकडच्या कडा ०.३ ने, नखं-सुरकुत्या ०.१ ने. करंगळी अनामिकेमागे जात असेल तर मागची रेष पुढचीला भिडायच्या अर्धा मिलिमीटर आधीच सोडा. तेवढ्या फटीने करंगळी मागे सरकते. दोन कडा नुसत्या चाटून जात असतील तर बोट थोडं हलवून पुन्हा बघा. नाहीतर पुढे कोण, मागे कोण, कळत नाही.

आहे त्याच चित्रावर रेषा जाड करत बसू नका, नवा कागद घ्या. कच्चं काम एचबीने, हलक्या हाताने करा. मळता येणारा खोडरबर त्यावर टेकवत ते जेमतेम दिसेल इतकं फिकं करा. मग प्रत्येक रेषेआधी हाताकडे बघा. हात आणि पेन्सिल यांचं पटलं नाही तर हाताचं ऐका.

प्रश्न : स्वतःच्या चित्रातल्या चुका आठवड्याने दिसतात. लवकर दिसाव्यात म्हणून काय करावं?

उत्तर : चित्र आरशात बघा किंवा उलटं टांगा. सवयीने सरळ वाटणारा कल लगेच उघडा पडतो. प्रमाणासाठी फोनवर फोटो काढून अंगठ्याएवढा करा. रेषेच्या चुका मात्र यात सापडत नाहीत. त्यासाठी कागदामागे तारीख, लागलेला वेळ, पेनांचे क्रमांक आणि कोणता भाग कोणत्या क्रमाने काढला ते लिहा. पाच-सहा चित्रं शेजारी मांडली की घाई नेमकी कुठे सुरू होते ते कळतं, बहुधा शेवटी काढलेल्या भागात. ‘जमलं नाही’ हा शेरा कामाचा नाही. ‘तर्जनीचं मधलं पेर लांब’ असं लिहिलंत तर पुढच्या खेपेला मोजता येईल.

प्रश्न : पेन्सिल खोडली की शाईही फिकी होते.

उत्तर : ग्राफाइटच्या दाट थरावर बसलेली शाई कागदापर्यंत पोचतच नाही, रबर थरासकट तिला उचलतं. वर सांगितल्याप्रमाणे पेन्सिल आधीच फिकी करा. खोडण्यापूर्वी जाड रेषांकडे तिरप्या उजेडात बघा, ओलसर चकाकी असेल तर अजून थांबा.