‘नाव बाहेर जाईल का, डॉक्टर?’

अठराच्या आतली मुलगी गरोदर राहिली की घरात पहिला प्रश्न तब्येतीचा निघत नाही. ‘कुणाकुणाला कळेल?’ हा निघतो. गेल्या महिन्यात आलेली सात पत्रं याच भीतीची आहेत, म्हणून आज तीच घेते. माझ्या तपासणीच्या टेबलावर या मुली उशिरा पोचतात, त्या बहुतेक वेळा याच धास्तीपायी. आठव्या आठवड्याला आली असती तर गोळ्यांवर निभावलं असतं, ती मुलगी अठराव्या आठवड्याला येते. पत्रातल्या माणसांची ओळख पटेल असं सगळं मी बदललं आहे.

पहिलं पत्र एका आईचं: मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते, विड्या वळते. मुलगी सोळाची, अकरावीत आहे. दोन पाळ्या चुकल्या. ओळखीचा मेडिकलवाला गोळ्या देतो म्हणतो. सिव्हिलला नेलं तर पोलीस येतील, गल्लीभर होईल, असं शेजारीण सांगते.

ताई, त्या गोळ्या घेऊ देऊ नका. औषध खोटं असतं म्हणून नाही. मिफेप्रिस्टोन आणि मिझोप्रोस्टॉल ही औषधं नवव्या आठवड्यापर्यंत आम्हीही देतो. पण त्याआधी तीन गोष्टी बघाव्या लागतात: नेमके किती आठवडे झाले, गर्भ पिशवीतच आहे ना, आणि अंगात रक्त किती आहे. गर्भ नळीत असेल तर या गोळ्यांनी काही होत नाही, नळी फुटते आणि मुलगी जिवावर बेतलेल्या अवस्थेत येते. शिवाय आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. दोन पाळ्या चुकल्या म्हणजे आठ आठवडे तर झालेच, कदाचित जास्त. गोळ्या आधीच घेतल्या असतील आणि तासाला दोन मोठे पॅड भिजत असतील, ताप किंवा चक्कर येत असेल, एका बाजूला पोट फाडल्यासारखं दुखत असेल, तर दिवस उजाडायची वाट बघू नका. अशा वेळी ‘आधी पोलिसांचा कागद आणा’ म्हणून कुठलाही दवाखाना तुम्हाला परत पाठवू शकत नाही.

एरवी सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, स्त्रीरोग विभागात या. खासगीत जायचं असेल तर गर्भपात केंद्राचं सरकारी प्रमाणपत्र भिंतीवर आहे का ते बघा. १९७१ च्या गर्भपात कायद्यात २०२१ साली बदल झाले. त्याप्रमाणे वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. अठराच्या आतल्या मुलींना वीस ते चोवीस आठवड्यांतही मुभा आहे, तेव्हा दोन डॉक्टरांचं मत लागतं. पालक म्हणून तुमची सही किंवा अंगठा पुरेसा आहे.

आता पोलिसांचं. खोटा दिलासा देत नाही. अठराच्या आतल्या मुलीची संमती कायदा धरत नाही, त्यामुळे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं. मात्र २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एक वाट मोकळी केली. मुलीने आणि पालकाने विनंती केली, तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना द्यायच्या माहितीत मुलीचं नाव, पत्ता, ओळख सांगायची गरज नाही. पुढे फौजदारी खटला चालला तरी नाही. विनंती तुमच्याकडून यावी लागते, म्हणून पहिल्याच भेटीत बोला आणि साध्या कागदावर लिहून द्या: ‘पोलिसांना दिलेल्या माहितीत आमची ओळख उघड करू नये, ही विनंती.’ खाली दोघींच्या सह्या. तो कागद केसपेपरला लावायला सांगा.

त्याआधी एक काम घरी करा. लेकीला एकटीला जवळ घेऊन विचारा, तिच्यावर जबरदस्ती झाली का. झाली असेल तर नाव झाकण्यापेक्षा तक्रार तिला जास्त सांभाळेल. जबाब शक्यतो महिला अधिकारी घेते, वर्दी न घालता, तुमच्या घरी किंवा मुलगी म्हणेल तिथे. मुलीला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. अत्याचार झालेल्या बायका-मुलांसाठीच्या मनोधैर्य योजनेच्या मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि तिथला वकील मोफत असतो.

मी सतरा वर्षांची. बारावीला आहे, विजापूर रोडला मामाकडे राहते. आईबाबांना कळलं तर शिक्षण बंद होईल. त्यांना न सांगता होईल का? तो एकोणीस वर्षांचा आहे, त्याला त्रास व्हायला नको.

बाळा, तू लिहिलंस हे फार चांगलं केलंस. सरळ सांगते: अठरा पूर्ण होईपर्यंत पालकाच्या लेखी संमतीशिवाय गर्भपात करता येत नाही, जीव वाचवायची वेळ आली तरच अपवाद. पण कायद्यात पालक म्हणजे ‘जिच्या किंवा ज्याच्या देखभालीखाली मुलगी आहे’ ती व्यक्ती. आईवडीलच हवेत असं तिथे लिहिलेलं नाही. तू मामाकडे राहतेस, तर मामीशी बोलता येईल का, याचा विचार कर. घरात मारहाणीची भीती असेल तर १०९८ ला फोन कर. तो मुलांसाठीचाच नंबर आहे, आणि बालकल्याण समिती तुझ्या बाजूने उभी राहू शकते.

सहीशिवाय आजच करता येईल असंही बरंच आहे. मेडिकलमधून लघवीच्या तपासणीची पट्टी आण, सकाळची पहिली लघवी वापर. आशाताईकडे हीच पट्टी ‘निश्चय’ नावाने फुकट मिळते. सरकारी दवाखान्यांतलं मैत्री क्लिनिक दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठीच आहे. तिथे समुपदेशकाला ‘मला एकटीला बोलायचंय’ म्हण.

त्याच्याबद्दल मी तुला शब्द देऊ शकत नाही. तो सज्ञान आहे, तू नाहीस, आणि कायदा तुमच्या प्रेमाची दखल घेत नाही. वर सांगितलेली नाव न देण्याची विनंती तुलाही करता येते, पण त्यात तुझी आणि पालकाची दोघांचीही इच्छा लागते. त्याला वाचवायच्या काळजीत तुझे आठवडे वाया घालवू नकोस.

आणि गर्भ ठेवायचा की नाही, यात तुझं म्हणणं मोजलं जातं. एप्रिल २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका चौदा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आधी गर्भपाताला परवानगी दिली, आठवड्याभरात ती मागे घेतली, आणि निकालात लिहिलं की अल्पवयीन मुलीचं मत पालकांपेक्षा वेगळं असेल तर न्यायालयाने ते महत्त्वाचं धरलं पाहिजे. आईला सांगायचा धीर होत नसेल तर डॉक्टरच्या खोलीत सांग. ‘मॅडम, तुम्हीच सांगा’ म्हणणाऱ्या कितीतरी मुलींच्या आयांना मी आत बोलावून बसवलं आहे. पहिली पाच मिनिटं वाईट जातात. नंतर बहुतेक आया विचारतात, ‘आता हिला काही होणार नाही ना?’

आम्ही मंगळवेढ्याकडच्या गावात असतो. धाकटी जाऊ सतराची आहे, पाचवा महिना लागलाय. अंगणवाडीच्या ताई नोंद करा म्हणतात. सासूबाई म्हणतात, वय एकोणीस सांग, नाहीतर नोंदच नको.

तुम्ही तिच्यासाठी लिहिलंत, त्याबद्दल आधी तुम्हाला धन्यवाद. वय खोटं सांगू नका, आणि नोंदही टाळू नका. सतराव्या वर्षी अंगात रक्त कमी असणं, रक्तदाब वाढून झटके येणं, दिवस भरण्याआधी बाळंत होणं, हे धोके जास्त असतात. खरं वय कळलं की डॉक्टर तिला जोखमीची म्हणून धरतात, जास्त वेळा बोलावतात, बाळंतपण मोठ्या दवाखान्यात ठरवतात. एकोणीस लिहिलं की हे सगळं जातं. शाळेच्या दाखल्यावर खरी तारीख असतेच, त्यामुळे खोटं फार दिवस टिकतही नाही.

लग्न झालंय म्हणून पोक्सो लागत नाही, असा समज गावोगाव आहे. तो चुकीचा आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की अठराच्या आतल्या बायकोशी संबंध हाही बलात्कारच. बालविवाह लावणाऱ्या मोठ्या माणसांवर २००६ च्या कायद्याने गुन्हा होऊ शकतो. सासूबाईंची भीती तिथली आहे, आणि ती खोटी नाही. पण त्या भीतीची किंमत धाकटीने का मोजायची? केस होवो न होवो, तिची तपासणी कुणी नाकारू शकत नाही. सरकारी दवाखान्यात तपासण्या, औषधं, बाळंतपण, लागलं तर सिझेरियनसुद्धा फुकट आहे.

एवढं करा: तिला एकटीला डॉक्टरकडे न्या आणि स्वतः दाराबाहेर थांबा. पाचव्या महिन्यातही तिच्यासाठी चोवीस आठवड्यांची मुभा शिल्लक असू शकते, हे तिला कळू दे. हे लग्न तिला नको असेल तर ती ते रद्द करून घेऊ शकते, अठरा पूर्ण झाल्यावर दोन वर्षांपर्यंत. तुमच्या घरचं हे एकटं उदाहरण नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या दर शंभर मुलींपैकी सात-आठ जणी आई झालेल्या किंवा गरोदर होत्या.

शाळेत शिक्षक आहे. दहावीतल्या मुलीबद्दल कळलं. मुख्याध्यापक म्हणतात, गुपचूप दाखला देऊन टाकू.

सर, दाखला देऊन शाळा मोकळी होत नाही. गुन्हा घडल्याचं माहीत असून पोलिसांना न कळवणं हाच पोक्सोखाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंतची कैद किंवा दंड. तेव्हा आधी पालकांशी बोला, मुलीला तपासणीला जाऊ द्या आणि कायदेशीर ठिकाणी कळवा. त्यापलीकडे एकालाही नाही. स्टाफरूममध्ये नाही, शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही, ‘इतर मुलींच्या आयांना सावध करू’ म्हणूनही नाही. ती परीक्षेला बसू शकते. वर्गात येणं तिला जमत नसेल तर बाहेरून परीक्षेला बसायचा १७ नंबरचा फॉर्म आहे, पण तो तिने मागावा, शाळेने तिच्या हातात कोंबू नये.

यूट्यूबवर स्थानिक बातम्या देतो. नाव न घेता फक्त गाव आणि वडिलांचा व्यवसाय सांगितला तर चालेल?

नाही. पोक्सोच्या कलम २३ मध्ये नाव, पत्ता, फोटो, घरचे तपशील, शाळा, शेजार, आणि ओळख पटेल असं काहीही, हे सगळं येतं. शिक्षा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. लहान गावात ‘अमक्या धंद्याचा माणूस’ म्हटलं की घर कळतंच, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मी नर्सिंग होममध्ये सिस्टर आहे. आमच्याकडे ओपीडीत पूर्ण नाव पुकारतात आणि रजिस्टर काउंटरवर उघडं असतं. कुणाला सांगू?

सिस्टर, तुमचं पत्र वाचून मला माझीच एक चूक आठवली. शिकत असताना एका वॉर्डात मी दारातून एका मुलीचं नाव आणि ‘गर्भपाताची पेशंट’ असं मोठ्याने पुकारलं. बाहेर बाकावर तिच्याच गल्लीतली बाई बसली होती. मुलगी आत आलीच नाही. तिचं पुढे काय झालं हे मला कधीच कळलं नाही, आणि ते अजून मनातून जात नाही.

नियम मात्र तेव्हाही होता. गर्भपाताचं दाखल-रजिस्टर हे गुप्त कागदपत्र आहे. नाव फक्त त्यातच लिहायचं. केसशीट, ऑपरेशनचं रजिस्टर, फॉलोअपचं कार्ड, बाकी सगळीकडे अनुक्रमांक. संमतीपत्र पाकिटात सीलबंद करून वर ‘गुप्त’ लिहून ठेवायचं. २०२१ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम ५अ प्रमाणे, कायद्याने ज्याला अधिकार आहे त्याच्याखेरीज कुणालाही ओळख सांगितली तर डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हे तुमच्या डॉक्टरांना दाखवा. रजिस्टर कपाटात जाईल, किल्ली एकाकडे राहील आणि मुलींना नंबराने बोलावलं जाईल, एवढं उद्यापासून करता येतं.

नात पंधराची. आम्हाला समजलं तेव्हा सातवा महिना संपत आला होता. बार्शीजवळ राहतो. आता काय?

आजी, तुमच्या नातीसारख्या प्रकरणात चोवीस आठवड्यांनंतर गर्भपाताचा निर्णय उच्च न्यायालयाकडे जातो. सोलापूर जिल्ह्यासाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, आणि अर्जासाठी विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं. पण सातव्या महिन्याच्या शेवटी बहुतेक वेळा सुखरूप बाळंतपण हाच मार्ग उरतो, हे मनाशी धरून चला.

बाळ सांभाळणं नातीला आणि तुम्हाला शक्य नसेल तर ते बालकल्याण समितीकडे रीतसर सोपवता येतं. सोपवल्यावर विचार बदलायला दोन महिने मिळतात. ओळखीतल्या कुणाला परस्पर देऊ नका. कुणी पैसे देऊ केले तर मुळीच नाही, तो गुन्हा आहे. यात लाज मानू नका. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात फसलेल्या विधवांसाठी गुपचूप बाळंत होण्याची सोय केली होती. आपल्या जिल्ह्यातही, पंढरपुरात, प्रार्थना समाजाच्या लोकांनी टाकलेल्या बाळांसाठी बालकाश्रम काढला तो त्याच शतकात.

आता दिवस कमी आहेत. या आठवड्यातच तिचा रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि सोनोग्राफी करून घ्या. पायावर किंवा चेहऱ्यावर सूज, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही दिसलं तर एसटीची वाट बघू नका, १०२ ला फोन लावा. ती गाडी गरोदर बाईसाठी फुकट आहे, आणि फोनवर वय सांगितलं म्हणून कुणी नकार देऊ शकत नाही.