माळ्यावर पांढऱ्या तोंडाचं घुबड राहतंय, रात्री फिसकारतं. हाकलावं का?

अजिबात नको. पत्त्यांतल्या बदामासारखं तोंड म्हणजे ते गव्हाणी घुबड. अपशकुन कसला, लक्ष्मीचं वाहन आहे हो ते! ते घुत्कारत नाही. फिसकारतं, किंचाळतं, म्हणून माणसं घाबरतात. त्याचे कान वरखाली असतात, एक जरा उंच. त्यामुळे मिट्ट काळोखातही नुसत्या खसखशीवरून उंदीर नेमका टिपतं. उंदीर अख्खा गिळतं आणि केस-हाडांची काळपट गोळी ओकून टाकतं. माळ्यावर पडल्या असतील बघा. एखादी पाण्यात भिजवून काडीने उकला, आत उंदराची इवलीशी कवटी सापडते. घरटं बांधत नाही, कोनाड्यातच अंडी घालतं. पिलं साधारण दोन महिन्यांत उडतात. तोवर माळ्याची झाडलोट राहू द्या.