देव फारसा मानत नाही, पण सत्संगाला जातो, हे ढोंग का?

प्रश्न : मी मूळचा लातूरकडचा, सहा वर्षं झाली हिंजवडीत नोकरीला आहे. पगार बरा आहे, फ्लॅट आहे, पण शेजारच्याचं नावसुद्धा माहीत नाही अशी गत. मागच्या वर्षी सोसायटीतल्या एका काकांनी गुरुवारच्या सत्संगाला नेलं. देवावर माझा फारसा विश्वास नाही, तरी तिथून आल्यावर दोन-तीन दिवस बरं वाटतं. हे ढोंग झालं का? आणि आता तिथले लोक म्हणतायत, मटण खाणाऱ्या मित्रांकडे जाणं बंद करा, संगत वाईट. काय करू?
– एक वाचक, हिंजवडी

उत्तर : ढोंग वगैरे काही नाही हो, ते आधी डोक्यातून काढा. एमिल दुर्खीम नावाच्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं १८९७ साली आत्महत्यांवर पुस्तक लिहिलं, त्याला कॅथलिकांपेक्षा प्रॉटेस्टंटांमध्ये आत्महत्या जास्त दिसल्या, आता पाप तर दोघंही मानतात मग फरक कशाचा, तर तो म्हणतो की माणसं एकमेकांत किती गुंतलेली आहेत त्याचा. त्याच्या आकड्यांवर पुढे बरेच वाद झाले ते सोडा, पण तुमचं कोडं त्यात सुटतं. तुम्हाला बरं वाटतं ते प्रवचनानं कमी आणि "काय हो, मागच्या गुरुवारी दिसला नाहीत?" असं कुणीतरी विचारतं त्यानं जास्त. वारीत अनोळखी माणूस पाया पडतो, माऊली म्हणतो, तुमचा देवावर किती विश्वास ते कोण विचारतंय!

पण दुसरा प्रश्न मला जास्त टोचला. कारण ज्या दोरीनं माणसं बांधली जातात तिनंच बाकीच्यांना बाहेरही ठेवता येतं, आणि हे आपल्याकडे नवीन नाही. चोखोबांचे अभंग सगळ्यांनी गायले पण त्यांची समाधी पंढरपुरात देवळाच्या बाहेर, पायरीपाशी, आणि देऊळ दलितांना उघडायला १९४७ साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. म्हणजे भजन एक आणि दार बंद.

तेव्हा गुरुवारी जा, टाळ वाजवा, काकांना सरळ सांगा की मित्र माझे जुने आहेत, ते सुटणार नाहीत. काका भले असतील तर "बरं बाबा" म्हणून चहा पुढे करतील. तोंड फिरवलं तर जवळपास दुसरं भजनी मंडळ शोधा, नाहीतर यंदा पुणे ते सासवड पालखीबरोबर चालून बघा, दिवेघाटात पाय बोलायला लागले की शेजारचा आपोआप बोलतो. आणि त्या शेजाऱ्याची बेल वाजवा एकदा, साखर मागायला का होईना.